सार्वजनिक बागेतील हिरवळ व पाण्याचा हिशेब

हिरवळीचा तुकडा हा आता केवळ शहराचा मान राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी नगरपंचायतीची बाग असते, मोठ्या ग्रामपंचायतींनी लहान मुलांसाठी उद्याने केली आहेत, शाळांच्या व देवस्थानांच्या आवारांतही गवत लावलेले दिसते. सायंकाळी म्हातारी माणसे तेथे बसतात, मुले अनवाणी खेळतात, धूळ बसते व परिसरात थोडा गारवा राहतो. हे लाभ लहान नाहीत. परंतु फाल्गुन सरला, विहिरींचे पाणी तळाला गेले आणि वाडीवस्तीवर टँकर सुरू झाले, की त्याच हिरवळीकडे गाव वेगळ्या दृष्टीने पाहू लागते. एका बाजूस हंड्यांची रांग व दुसऱ्या बाजूस बागेत वाहणारी रबरी नळी, हे दृश्य कोणालाही सहन होण्यासारखे नसते.

हा प्रश्न राज्यापुढे ठळकपणे आला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे चालू होता, आणि आयपीएल स्पर्धेचे त्या महिनाअखेरीनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास न्यायालयाने सांगितले. यातून घेण्याचा धडा सरळ आहे. गवताला पाणी द्यावे काय, हा प्रश्न टंचाईच्या दिवशी विचारला गेला, तर त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. तोच प्रश्न आदल्या पावसाळ्यापूर्वी विचारला, तर बागही राहते व पिण्याच्या पाण्यालाही धक्का लागत नाही. त्यासाठी काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम मोजमाप

पुष्कळ ठिकाणी बागेस किती पाणी जाते, हे माळ्यासही सांगता येत नाही व पंचायतीसही सांगता येत नाही. ते मोजणे अवघड नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणून एका गुंठ्यावर १ मि.मी. पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर, एवढे एकच सूत्र लक्षात ठेवावे. पावसाचे मोजमाप मि.मी. मध्येच होत असल्यामुळे शेतकऱ्यास हे परिमाण परिचित आहे.

नळीतून किती पाणी पडते, हे बादलीने मोजावे. १५ लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरत असेल, तर नळी मिनिटास ३० लिटर, म्हणजे तासास १,८०० लिटर पाणी देते. तुषार संच असल्यास हिरवळीवर निरनिराळ्या ठिकाणी सारख्या आकाराचे सहा-सात रिकामे डबे ठेवावेत, संच अर्धा तास चालवावा आणि प्रत्येक डब्यात किती मि.मी. पाणी साठले ते पट्टीने मोजावे. काही डब्यांत फार व काही डब्यांत थोडे पाणी असेल, तर संचाची मांडणी चुकलेली आहे असे समजावे. अशा वेळी कोरडा राहणारा कोपरा भिजविण्यासाठी बाकीच्या सर्व हिरवळीवर जादा पाणी ओतले जाते.

शेतातील शत्रू, बागेतील मित्र

शेतकऱ्यास हरळी नवी नाही. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा शिरले की नांगरट करून, काशा वेचून व जाळूनही ती पुन्हा फुटतात, हा सर्वांचा अनुभव आहे. हरळीची खोडे जमिनीवर पसरतात, तशीच जमिनीखालीही पसरतात, व प्रत्येक पेरापासून नवा कोंब व नवी मुळे निघू शकतात. पाणी तुटले की पाने वाळतात, परंतु जमिनीखालचे खोड जिवंत राहते. पावसाची पहिली चांगली सर पडली की तीच हरळी आठ-दहा दिवसांत हिरवी दिसू लागते.

शेतात जो दुर्गुण ठरतो, तोच सार्वजनिक बागेत सर्वांत मोठा गुण होय. कमी पाण्याच्या प्रदेशात बागेसाठी हरळी किंवा तिच्या निवडक बारीक पानांच्या जाती यांसारखे दुसरे गवत नाही. रोपवाटिकांतून आणलेल्या काही शोभिवंत गवतांचे गालिचे सुरुवातीस मखमलीसारखे दिसतात, पण उन्हाळ्यात ती वारंवार पाणी मागतात. अशा गवताची निवड करण्यापूर्वी, पाच वर्षांनंतरच्या वैशाखात त्यास पाणी कोठून द्यावयाचे, हे ठरवून घ्यावे.

हरळीची एक अट मात्र आहे. तिला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते, आणि मग माळी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतो. सावलीतील विरळपणा पाण्याने भरून निघत नाही.

शेताला लागून बाग असल्यास मध्ये किमान दोन फूट रुंदीची फरशीची किंवा मुरमाची वाट ठेवावी व कडेने येणाऱ्या काड्या वरचेवर छाटाव्यात. हिरवळ खणताना किंवा कडा छाटताना निघालेल्या मुळ्या-काड्या शेणखताच्या उकिरड्यात टाकू नयेत. त्या खताबरोबर शेतात जाऊन रुजतात व बागेचा मित्र शेजाऱ्याचा शत्रू होतो.

लागवडीचा काळ

हिरवळ लावण्याचा खरा मुहूर्त पावसाळ्याच्या आरंभाचा. जून-जुलैमध्ये हरळीच्या काड्या चार ते सहा इंचांवर टोबल्या, तर बहुतेक पाणी पाऊसच देतो व दसऱ्यापर्यंत जमीन झाकली जाते. पुष्कळदा मात्र समारंभ डोळ्यांपुढे ठेवून लागवड जानेवारी-फेब्रुवारीत केली जाते. नव्या, उथळ मुळांच्या गवतास त्यानंतरचे चार महिने सतत पाणी द्यावे लागते, आणि टंचाईमुळे ते तोडले तर लागवडीचा सर्व खर्च वाया जातो. उद्घाटन पुढे ढकलता येते, पाऊस मागे ओढता येत नाही.

लागवडीपूर्वी जमीन एक फूट खणून, दगड वेचून, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. हिरवळीचा तुकडा भोवतालच्या वाटेपेक्षा दोन-तीन इंच खोलगट ठेवावा. उंचवट्यावरील हिरवळ दिसावयास शोभिवंत असते, पण तिच्यावर पडलेले पावसाचे व नळीचे पाणी गटारात जाते. खोलगट हिरवळ मात्र वाटेवरचे पाणीही आपल्याकडे ओढून घेते. काळ्या जमिनीत पाणी साचून राहत असेल, तर ते निघून जाण्यास एक मार्ग ठेवावा.

हरळीची खरी गरज

राज्याच्या पठारी भागात एप्रिल-मे महिन्यांत भरपूर पाणी मिळालेल्या गवताळ पृष्ठभागावरून दररोज ६ ते ८ मि.मी. पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाऊ शकते. हे प्रमाण सरासरी ७ मि.मी. धरू. हरळीसारख्या उष्ण हवामानाच्या गवतास पूर्ण टवटवीत राहण्यासाठी याच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे साडेपाच मि.मी. पाणी पुरते. परंतु ६० टक्के, म्हणजे सुमारे ४ मि.मी. पाण्यावरही ती चांगली टिकते. वाढ मंदावते व रंग थोडा फिका होतो एवढेच. बसण्यास व खेळण्यास ती तितकीच उपयोगी राहते. सार्वजनिक बागेचे लक्ष्य हेच असावे.

नळी सोडून दिलेल्या बागेत मात्र ८ मि.मी. किंवा त्याहूनही अधिक पाणी रोज पडत असल्याचे मोजल्यावर दिसून येईल. हे जादा पाणी गवत पीत नाही. ते मुळांखाली झिरपते, वाटेवर वाहते किंवा भर दुपारी उडून जाते.

पाणी देण्याची रीत

रोज थोडे थोडे पाणी दिल्यास वरचा एक-दोन इंचांचा थरच ओला राहतो आणि मुळेही तेथेच राहतात. अशी हिरवळ एक दिवस पाणी चुकले तरी माना टाकते. याउलट पाणी भरपूर देऊन मग जमीन वाळू दिली, तर मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात.

मध्यम काळ्या जमिनीचा एक फुटाचा थर पिकास घेता येईल असे सुमारे ५० मि.मी. पाणी धरतो. त्यातील निम्मे, म्हणजे २५ मि.मी. संपेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. रोजची गरज ४ मि.मी. धरल्यास पाण्याची पाळी सहा दिवसांनी येते. मुरमाड जमीन याच्या निम्म्याच्या आसपास पाणी धरते. तेथे १२ मि.मी. पाणी तीन दिवसांनी द्यावे. २५ मि.मी. पाणी म्हणजे गुंठ्यास २,५०० लिटर. वर सांगितलेल्या नळीने त्यास सुमारे १ तास २३ मिनिटे लागतील. भारी जमिनीत पाणी वाहू लागले तर ते एकदम न देता मध्ये तासभर खंड ठेवून दोन हप्त्यांत द्यावे.

पाळीचा दिवस केवळ दिनदर्शिकेवर ठरवू नये, गवतासही विचारावे. हिरवळीवरून चालून गेल्यावर पाऊल उमटून राहिले व दबलेले गवत लवकर उभे राहिले नाही, किंवा रंग निळसर करडा दिसू लागला, तर पाण्याची वेळ आली. टोकदार सळई जमिनीत सहज सहा इंच जात असेल, तर खाली ओल आहे. अशा वेळी पाणी देऊ नये.

पाणी पहाटे किंवा सूर्योदयाच्या सुमारास द्यावे. त्या वेळी वारा कमी व ऊन सौम्य असते. दुपारी दिलेल्या पाण्याचा बराच भाग जमिनीत जाण्यापूर्वीच नाहीसा होतो.

कापणी व खत

उन्हाळ्यात गवत फार आखूड कापणे हे पाण्याच्या नासाडीचे एक न दिसणारे कारण आहे. आखूड गवताखाली जमीन तापते आणि मुळांची वाढ खुंटते. पावसाळ्यात हरळी २ ते ३ सें.मी. ठेवली, तर उन्हाळ्यात ती ४ ते ५ सें.मी. ठेवावी. एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये. यंत्राचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने पाने फाटतात व टोके पिवळी पडतात. ती पाहून पाणी वाढविण्याचा मोह होतो.

उन्हाळ्यातील बारीक कात्रण हिरवळीवरच पसरू द्यावे. ते जमीन झाकते व कुजून खत होते. पावसाळ्यातील भरपूर कात्रण जनावरांना वैरण म्हणून देता येईल. मात्र ज्या हिरवळीवर कीडनाशक किंवा तणनाशक फवारले असेल अथवा सांडपाणी दिले असेल, तेथील कात्रण गोठ्यात नेऊ नये.

नत्रखत दिल्याने गवत वेगाने वाढते आणि पाणीही अधिक मागते. म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत युरिया देऊ नये. पाऊस स्थिरावल्यावर गुंठ्यास सुमारे १ किलो युरिया पुरतो.

हिरवळ कोठे असावी

बागेत जेथे दुसरे काही सुचले नाही तेथे गवत लावले जाते. खरे तर जेथे माणसांची पावले पडतात व मुले बसतात, तेथेच गवताचे काम असते. यासाठी बागेचे तीन भाग करावेत.

पहिला भाग रोजच्या वापराचा. तो वर्षभर हिरवा ठेवावा, पण तो लहान असावा. दुसरा भाग पावसाळ्यात व हिवाळ्यात हिरवा राहील आणि उन्हाळ्यात विश्रांती घेईल. तेथील हरळी पिवळी पडू द्यावी व खोडे जिवंत राहावीत म्हणून तीन आठवड्यांतून एकदा १० मि.मी. पाणी द्यावे. या काळात त्यावर खेळ, मंडप किंवा वाहने येऊ देऊ नयेत, कारण सुप्त गवताची झीज भरून येत नाही. तिसरा भाग उतारांचा, कडेच्या पट्ट्यांचा व झाडांखालच्या जागेचा. तेथील गवत काढून टाकावे व मुरमाच्या वाटा, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि तरवड, निर्गुडी, अडुळसा यांसारखी थोड्या पाण्यावर तगणारी झुडपे लावावीत. कडुनिंब व करंज यांची सावली वाढली की तेथे पार बांधावा. गावाला पार नवा नाही. वैशाखातल्या दुपारी उन्हातल्या हिरवळीपेक्षा पारावरच लोक बसतात.

एक उदाहरण

समजा, एका ग्रामपंचायतीच्या बागेत १२ गुंठे हिरवळ आहे व उन्हाळ्यात तिच्यावर रोज ८ मि.मी. पाणी पडते. हे ९,६०० लिटर झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी सुमारे १७५ माणसांचे आहे.

आता या हिरवळीचे वरीलप्रमाणे भाग करू. ४ गुंठे वापराची हिरवळ, रोज ४ मि.मी. प्रमाणे १,६०० लिटर. ५ गुंठे विश्रांतीची हिरवळ, २१ दिवसांतून एकदा ५,००० लिटर, म्हणजे रोजचे सुमारे २४० लिटर. उरलेल्या ३ गुंठ्यांत ३० लहान झाडे, प्रत्येकास पाचव्या दिवशी २० लिटर, म्हणजे रोजचे १२० लिटर. एकूण १,९६० लिटर. पूर्वीच्या पाण्याच्या सुमारे एक-पंचमांशात बाग चालते आणि रोज ७,६४० लिटर, म्हणजे सुमारे १३९ माणसांचे पाणी वाचते. मुलांची खेळण्याची जागाही शाबूत राहते.

पाणी कोठून घ्यावे

उरलेले १,९६० लिटरही पिण्याच्या टाकीतून घेण्याचे कारण नाही. सार्वजनिक नळ व हातपंप यांच्याजवळ सांडणारे पाणी बहुधा चिखल व डास यांचेच पोषण करते. ते चरातून बागेकडे वळवावे. स्नानाचे पाणी खडी व वाळूच्या खड्ड्यातून गाळून वापरता येते. शौचालयाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये. मोठ्या गावी सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र असल्यास तेथील पाणी बागेस आणणे सर्वांत सोयीचे.

असे पाणी हवेत उडवू नये, ठिबकने किंवा नळीने जमिनीलगत द्यावे. ते लोक नसतील त्या वेळी द्यावे, जमीन वरून वाळेपर्यंत मुलांना त्यावर खेळू देऊ नये आणि ‘हे पाणी पिण्यास योग्य नाही’ अशी पाटी लावावी.

काही गावांत मचूळ पाण्याची विहीर पडून असते. हरळी बऱ्याच पिकांपेक्षा क्षार अधिक सोसते. त्यामुळे निचरा चांगला असल्यास हे पाणी तिला चालते. जमिनीवर पांढरा थर दिसू लागला तर ते थांबवावे व पावसाने क्षार धुऊन जाऊ द्यावेत. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत मात्र असे पाणी देऊ नये, जमीन चोपण होण्याचा धोका असतो.

पावसाचा हिशेबही विसरू नये. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५०० मि.मी. पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी पडते. गळती व उडून जाणारे पाणी वजा जाता त्यातील ४०,००० लिटर हाती येऊ शकते. पंचायत किंवा शाळेच्या इमारतीचे हे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात मुरविले, तर बागेने उन्हाळ्यात घेतलेले पाणी पावसाळ्यात परत केल्यासारखे होते.

टंचाईचा क्रम आधी ठरवावा

पाणी कमी होऊ लागल्यावर कोणाचे पाणी आधी तोडावे, हे दिवाळीनंतरच्या ग्रामसभेतच ठरवून लिहून ठेवावे. पुढील क्रम बहुतेक गावांस लागू पडेल.

पहिली पायरी : विहिरीची पातळी नेहमीसारखी असता वापराच्या व विश्रांतीच्या अशा दोन्ही भागांस जमिनीच्या मानाने पाळीचे पाणी द्यावे.

दुसरी पायरी : पातळी ठरावीक खुणेखाली गेली की दुसरा भाग विश्रांतीस सोडावा. ही खूण विहिरीच्या आतील बाजूस रंगाने काढून ठेवावी.

तिसरी पायरी : गावात किंवा वाडीत टँकर सुरू झाला की पिण्यायोग्य पाण्याचा एक थेंबही गवतास देऊ नये. सांडपाणी असेल तेवढेच द्यावे, आणि तेही प्रथम लहान झाडांना. झाड मेले तर दहा वर्षे जातात. वाळलेली हरळी मात्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभी राहते.

तिसऱ्या पायरीवर बाग पिवळी दिसेल व काही लोक तक्रार करतील. बाग मेली नसून झोपली आहे, हे त्यांना ग्रामकार्यकर्त्याने समजावून सांगावे. फाटकाशी एक फळा लावून त्यावर पाण्याची पायरी, दिलेले लिटर व पाण्याचा स्रोत रोज लिहावा. हिशेब उघडा असला की संशय राहत नाही. हंडा घेऊन जाणाऱ्या बाईलाही बागेत जाणारे पाणी आपल्या हंड्यातले नाही, हे तो फळा वाचून कळावे.

पहिले काम बादली व घड्याळ घेऊन नळीचे पाणी मोजण्याचे आहे. ते एका सकाळी होते. टेपने हिरवळ मोजून तिचे तीन भाग आखण्यास आणखी एक सकाळ लागेल. बाकीचे बदल येत्या पावसाळ्याच्या तोंडाशी, हरळीच्या काड्या टोबण्याच्या वेळी करावेत.